पार्सलमागे पैसे की तासावर पगार?

पार्सल डिलिव्हरीत शिरताना बहुतेक जण दोन आकडे शेजारी ठेवून बघतात. पार्सलमागे काम करणारा ड्रायव्हर ऐन गर्दीच्या महिन्यात किती नेतो, आणि तासावर काम करणाऱ्याच्या हातात किती पडतात. अशा तुलनेत पार्सलवाला जवळजवळ दरवेळी पुढे दिसतो. मी दोन्ही केलं आहे. आधी ठेकेदाराकडे पार्सलमागे, आता तासावर. माझं मत हळूहळू तासाच्या बाजूला झुकलं, ते कशामुळे ते सांगतो. तुमचा रूट, तुमची गाडी आणि घरची गरज वेगळी असेल तर उत्तरही वेगळं निघू शकतं, हे आधीच मान्य करतो.

पार्सलमागचा दर ऐकलात की पार्सल आणि स्टॉप या दोन गोष्टी वेगळ्या धरा. एका मोठ्या इमारतीत दहा पार्सलं असली तर गाडी एकदा लावायची, वरून खाली येत येत काम संपतं. तीच दहा पार्सलं विखुरलेल्या बंगल्यांत असली तर दहा वेळा गाडी लावा, दहा वेळा फाटक शोधा. दर दोन्हीकडे तोच. त्यामुळे 'दिवसाला किती पार्सलं निघतात' एवढं विचारून भागत नाही. स्टॉप किती आणि दोन स्टॉपमध्ये अंतर किती, हे विचारायला हवं. ऑफिसांचा किंवा दाट वस्तीचा पक्का रूट ज्याच्याकडे आहे, तो पार्सलमागे खरोखर चांगले पैसे काढतो, आणि अशा माणसाला मी तो सोडायला सांगणार नाही. पण रूट आपल्या हातात नसतो. हबवर, म्हणजे जिथून पार्सलं गाड्यांत भरली जातात त्या केंद्रावर, माणसं बदलली, नवीन भाग जोडला गेला, की दर जागच्या जागी राहतो आणि कमाई उतरते.

वजनाचंही तसंच आहे. कागदपत्रांच्या पाकिटाला आणि अवजड खोक्याला एकच दर असेल, तर जड माल कुणाच्या वाट्याला येतो यावर दिवस ठरतो. जर्मनीने 2024 च्या टपाल कायद्यात हा प्रश्न हाताळला. 10 किलोच्या वरच्या आणि 20 किलोच्या वरच्या पार्सलांवर ठळक खूण हवी, आणि 20 किलोच्या पुढचं पार्सल दोघांनी किंवा योग्य साधन वापरून पोचवावं, असा तो नियम. पगार कितीही असो, कंबर एकच आहे, म्हणून हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता माझ्यापुरता निकाल जिने लावला ती गोष्ट सांगतो: परत आलेलं पार्सल.

दार बंद असतं. फोन वाजत राहतो, कुणी उचलत नाही. उचललाच तर 'संध्याकाळी या ना' म्हणतात. कधी पत्त्यात इमारतीचं नाव असतं पण विंग नसते. कधी ओटीपी दुसऱ्याच्याच फोनवर गेलेला असतो आणि तो माणूस मीटिंगमध्ये असतो. मग स्कॅनरवर 'ग्राहक उपलब्ध नाही' टाकायचं आणि खोकं गाडीत परत. दुसऱ्या दिवशी तेच खोकं पुन्हा माझ्याच लोडमध्ये. मी ज्या ठेकेदाराकडे होतो तिथे पैसे फक्त 'डिलिव्हर्ड' स्कॅनचे मिळायचे. पहिल्या फेरीचे शून्य, दुसरीचेही शून्य. तिसऱ्या फेरीत घेतलं तर एका पार्सलचा दर, नाही घेतलं तर काहीच नाही. जिना तीनदा चढायचा, डिझेल तीनदा जाळायचं. वर संध्याकाळी हबवर परतीची पार्सलं मोजून द्यायची, मोजणीत एखादं कमी भरलं की सापडेपर्यंत थांबायचं. हा वेळ कुठल्याच हिशोबात नव्हता.

बुडालेल्या पैशांपेक्षा मला जास्त लागलं ते दुसरंच. चुकीचा पत्ता दुरुस्त करायची घाई कुणालाच नव्हती. अमुक गल्लीतले नंबर उलटे आहेत, तमुक इमारतीचं गेट मागच्या बाजूला आहे, हे मी हबवर पुन्हा पुन्हा सांगितलं. ऐकणारी माणसं चांगली होती, मान डोलवायची. पण त्या चुकीचा खर्च त्यांच्या वहीत कुठेच दिसत नव्हता, तो माझ्या खिशातून जात होता. खर्च दिसत नाही तोवर दुरुस्ती होत नाही.

तासावर आलो तेव्हा हे चित्र फिरलं. आता बंद दारासमोर गेलेला वेळ कंपनीचा. थोड्याच दिवसांत सुपरवायझरने आपणहून विचारलं की या इमारतीतली पार्सलं वारंवार परत का येतात. मी सांगितलेलं गेट सिस्टीममध्ये नोंदलं गेलं. ग्राहकांना आदल्या दिवशी मेसेज जाऊ लागला, शेजाऱ्याकडे ठेवायची परवानगी आधीच विचारली जाऊ लागली. परतीची पार्सलं घटली असं मला जाणवतं. मी वही घेऊन मोजलेलं नाही, आणि एखादा भला ठेकेदार हेच पार्सलमागच्या कामातही करत असेल. पण ज्याला वेळेचे पैसे द्यावे लागतात तो वेळ जपतो, हे मी जवळून पाहिलं आहे.

तासाच्या कामालाही कंगोरे आहेत. पार्सलमागे असताना लवकर आटोपलं की घरी जायची मुभा होती. तासावर लवकर आटोपलं की मागे पडलेल्याचं लोड घ्यायला पाठवतात. शिवाय नजर जास्त. अमेरिकेतल्या यूपीएस या पार्सल कंपनीत 'ओरायन' नावाची प्रणाली स्टॉपचा क्रम ठरवून देते, आणि गाडीतले सेन्सर बेल्ट, रिव्हर्स आणि थांबण्याच्या नोंदी ठेवतात. अनुभवी ड्रायव्हरला हे टोचतं. कोणत्या वेळी कुठली गल्ली तुंबते हे त्याला पाठ असतं आणि स्क्रीन वेगळंच सांगत असते. मलाही सुरुवातीला फार जड गेलं. ज्यांना वरून कुणी विचारलेलं अजिबात चालत नाही त्यांनी याचा गंभीरपणे विचार करावा.

आणि 'तासावर' म्हटलं की सगळ्यांना सारखाच दर, असंही नाही. यूपीएसमध्येच 2018 च्या करारानंतर ड्रायव्हरांचा एक वेगळा वर्ग तयार झाला होता. तेही पार्सलंच पोचवायचे, पण दर कमी. टीमस्टर्स युनियनने 2023 मध्ये सुमारे 3,40,000 कामगारांसाठी नवा करार केला त्यात हा वेगळा वर्ग रद्द केला, सुट्टीच्या दिवशी सक्तीचा ओव्हरटाइम बंद केला, आणि 2024 पासून घेतल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या डिलिव्हरी गाड्यांत एसी मिळवला. याच कराराच्या वेळी कंपनीच्या प्रमुखांनी सांगितलेला वर्षाला 1,70,000 डॉलरचा आकडा जगभर फिरला. तो पूर्णवेळ ड्रायव्हरचा कराराच्या शेवटी येणारा सरासरी आकडा होता, आणि त्यात पगाराबरोबर आरोग्यविमा, पेन्शन वगैरे धरलं होतं. कुणीही असा एकगठ्ठा आकडा सांगितला तर हातात किती आणि लाभांचे किती, हे वेगळं करून घ्या.

पार्सलवाल्याचा आकडा उलट्या बाजूने सोलावा लागतो. गाडी आपली असेल तर डिझेल रोज दिसतं, पण क्लचप्लेट, ब्रेक आणि टायर दिसत नाहीत. सतत थांबत-सुटत चालणारी गाडी हे सगळं लवकर खाते. आजारी पडलात तर त्या दिवसाचे पैसे नाहीत, आणि गाडीचा हप्ता मात्र थांबत नाही. हरवलेल्या पार्सलची कपात करारात कुठेतरी बारीक अक्षरांत असते. फेडएक्स ग्राउंड या अमेरिकी पार्सल कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या ड्रायव्हरांनी नेमका हाच वाद कोर्टात नेला होता. गाडी, गणवेश, स्कॅनर सगळ्याचा खर्च त्यांचा आणि काम कसं करायचं ते कंपनी ठरवणार, अशी त्यांची स्थिती. 2014 मध्ये अपील कोर्टाने ते कंत्राटदार नसून कर्मचारी असल्याचं म्हटलं, आणि पुढच्या वर्षी 22.8 कोटी डॉलरची तडजोड झाली. ब्रिटनमध्ये हर्मीस या पार्सल कंपनीच्या कुरिअरांनी 2018 मध्ये न्यायाधिकरणात कामगाराचा दर्जा मिळवला. 2019 मध्ये जीएमबी युनियनबरोबरच्या करारातून हवा असल्यास पगारी सुट्टी आणि तासाला किमान कमाईची हमी असा मधला मार्ग तिथे निघाला. पार्सलमागचं काम आवडणाऱ्यांनी असा मार्ग आपल्याकडे मिळतो का ते जरूर बघावं. मला तेव्हा मिळाला असता तर कदाचित मी तिथेच थांबलो असतो.

आणखी दोन पद्धती आहेत, त्यांच्याबद्दल थोडक्यात. एक दिवसाच्या ठोक रकमेची. पार्सलं किती का असेनात, दिवसाचे ठरलेले पैसे. हलका रूट असेल तर ही उत्तम. पण हंगामात लोड दीडपट झालं तरी रक्कम तीच राहते, म्हणून कमाल स्टॉप लिहून घ्या. दुसरी अंदाजित वेळेची. अमेरिकी टपालखात्यात ग्रामीण भागातल्या टपालवाहकांना प्रत्यक्ष तासांऐवजी रूटला किती वेळ लागायला हवा या मूल्यमापनावर पगार मिळतो, तर शहरातल्यांना तासावर. 2023 मध्ये मूल्यमापनाची नवी प्रणाली आली आणि अनेक ग्रामीण रूटचा पगार एकदम खाली आला, रस्ता तोच असताना. वेळ कोण मोजतं आणि ती मोजणी आपल्याला तपासता येते का, हे कळल्याशिवाय अशा पद्धतीत मी तरी शिरणार नाही.

मग घ्यावं काय? तरुण असाल, गाडीचा हप्ता फिटलेला असेल, रूट दाट आणि लेखी पक्का असेल, तर पार्सलमागे दोन-चार हंगाम करायला हरकत नाही. पण सही करण्याआधी ठेकेदाराला विचारा की पार्सल परत आलं तर त्या फेरीचे किती देता. थोडे का होईना, ठरलेले पैसे सांगितले तर माणूस विश्वासाचा समजा. 'ते आपण नंतर बघू' असं उत्तर आलं तर तो सगळा खर्च तुमच्या अंगावर येणार आहे. घरी अवलंबून माणसं असतील, पाठ किंवा गुडघा कुरकुरत असेल, किंवा रूट पसरलेला असेल, तर मी तासाचंच सुचवेन, मग सुरुवातीचा आकडा थोडा कमी दिसला तरी. तिथेही एक गोष्ट आधी स्पष्ट करून घ्या: तास पहिल्या डिलिव्हरीपासून धरतात की हबवर पाऊल टाकल्यापासून. सकाळचं सॉर्टिंग, गाडी भरणं आणि संध्याकाळची परतीची मोजणी त्यात धरली जात नसेल, तर नाव तासाचं असलं तरी दिवसाचा मोठा तुकडा फुकटच जातो.