आर: पैसे घेत नाही, पण ओळी गिळतं

परवा आरची, म्हणजे आकडेकामाच्या फुकट प्रोग्रॅमिंग भाषेची, नवी आवृत्ती टाकली आणि लायब्ररी रिकामी. तक्ते हाताळायचं डीप्लायर नाही, आलेखांचं जीजीप्लॉट नाही; ही पॅकेजं म्हणजे आरला वरून जोडायची तयार हत्यारं. विंडोजवर पॅकेजांचं फोल्डर 4.3, 4.4 असं वेगवेगळं असतं. जुनं जागेवरच राहतं, नवं आर तिकडं ढुंकूनही बघत नाही. परभणीत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सगळं पुन्हा उतरवायचं म्हणजे दिवसभराचा डेटा दुपारीच खल्लास. म्हणून जुनी पॅकेजं नव्या फोल्डरात कॉपी केली. 'जुन्या आवृत्तीत बनलंय' अशी कुरकुर करतं, पण बहुतेक चालतात. नीट अपडेट मेव्हण्याच्या वायफायवर करू.

हे एक वेळ परवडलं. माझा खरा राग आहे तो मर्जवर, म्हणजे दोन तक्ते एका सामाईक कॉलमवरून जोडणाऱ्या आज्ञेवर.

कृषीच्या पोरांच्या प्रबंधांचं आकडेकाम मी करून देतो. पावसाची फाइल जुनी, सोयाबीनची नवी. 2023 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, त्यामुळं एका फाइलीत ही नावं, दुसरीत ती. जिल्ह्यावरून मर्ज केलं आणि आठ जिल्ह्यांचा मराठवाडा सहाचा झाला. एरर नाही, साधी सूचनासुद्धा नाही. मर्ज मुळातच फक्त जुळलेल्या ओळी ठेवतं, बाकीच्या टाकून देतं. ऑल डॉट एक्स बरोबर ट्रू लिहिलं तरच पहिल्या फाइलीतल्या सगळ्या राहतात आणि न जुळलेल्या ठिकाणी एनए (म्हणजे 'माहिती नाही') दिसतं. अहो, मोंढ्यात दोन पोती कमी भरली तर हमालसुद्धा ओरडतो! बाकी वेळी पॅकेज उघडलं तरी चार ओळी बडबडतं, आणि इथं चिडीचूप.

यामुळं एका बाबतीत मात्र माझं मत फिरलं. पावसाच्या तक्त्यात कुणीतरी रिकाम्या जागी '-' टाकलेलं असतं, तेवढ्यावरून आर अख्खा कॉलम मजकूर धरतं आणि बेरीज करायला नकार देतं. आधी यावर लई शिव्या दिल्या. आता वाटतं, अडतं ते बरंय. फाइल वाचताना एनए डॉट स्ट्रिंग्जमध्ये '-' दिलं की आर त्याला एनए धरतं आणि मिटलं. देवनागरी आकड्यांचं अ‍ॅज डॉट न्यूमेरिक (मजकुराचा आकडा) केलं तरी एनए होतात, पण तसा इशारा तरी मिळतो.

सेटअपबद्दल थोडक्यात: पाथमध्ये (फाइलीच्या पत्त्यात) एकेरी उलटी तिरकी रेघ (\) चालत नाही, सरळ तिरकी (/) द्या. आर 4.2 पासून, विंडोज 10 पुरेसं नवं असेल तर, यूटीएफ-8 (सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) आलंय. 'तालुका' हा कॉलम आता तालुका असाच दिसतो, चौकोन नाहीत. माझ्या सेकंडहँड लॅपटॉपवर हे बघून खरंच बरं वाटलं.

सोडणार नाही. लायसन्सला रुपया लागत नाही, तेवढं कारण मला पुरे. फक्त मर्जच्या आधी डीप्लायरचं अँटी जॉइन लावून न जुळणारी नावं बघतो, ट्रिमडब्ल्यूएसनं पुढच्या-मागच्या स्पेस काढतो, आणि नंतर एनरोनं ओळी मोजतो. सध्या नांदेडचं तालुकावार काम आलंय. त्यात अर्धापूर तीन प्रकारे लिहिलंय.