एक दिवसाची भेट की दोन महिन्यांचे प्रशिक्षण?

जळगावच्या जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना उद्योग जवळून दिसतो तो केळीच्या ऊतिसंवर्धन (झाडाच्या छोट्या तुकड्यापासून रोपे वाढवण्याच्या) प्रयोगशाळेत. एक दिवसाच्या भेटीत काचेपलीकडचा लॅमिनार फ्लो (गाळलेल्या हवेच्या झोतातले निर्जंतुक कामाचे टेबल) आणि ग्रँड नैन या केळीच्या वाणाची रोपे पाहता येतात. सगळा वर्ग कमी खर्चात जातो, एवढेच तिचे बळ. दोन महिन्यांच्या प्रशिक्षणात मात्र १२१ अंश सेल्सिअसला निर्जंतुक केलेल्या, रोपे वाढवण्याच्या पोषक माध्यमात बुरशी कुठून शिरली, याचा माग बॅचच्या नोंदींतून काढावा लागतो, आणि खान्देशच्या उन्हाळ्यात हार्डनिंगच्या (रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावण्याच्या) शेडमधील आर्द्रता घटली की कोवळी रोपे कशी माना टाकतात, हे स्वतः अनुभवता येते. महाविद्यालयात रोपांची बाटली बिघडली तर गुण जातात. येथे शेतकऱ्याची लागवड लांबते. जागा मोजक्या असल्या, तरी मला प्रशिक्षणच मोलाचे वाटते. भेट प्रथम वर्षालाच उरकावी.