इंदूरची निवडणूक आकड्यांत वाचायची तर: एक्झिट पोल, सर्वेक्षण की फॉर्म २०?

कॉलेजचा प्रकल्प असो की रामबागेतल्या मित्रमंडळींचा वाद, निवडणुकीचे आकडे हाती घ्यायचे म्हटलं की या तिघांपैकी काय निवडायचं हा प्रश्न येतोच. माझं मत आधीच सांगते: अभ्यास इंदूरपुरता असेल तर फॉर्म २० पासून, म्हणजे बूथनिहाय मतांच्या सरकारी तक्त्यापासून, सुरुवात करा.

एक्झिट पोल सगळ्यांत आधी हाती येतो, पण मतांवरून जागा काढताना घसरतो. मध्य प्रदेशात २०१८ च्या विधानसभेला भाजपला ४१.०२ टक्के मतं आणि १०९ जागा मिळाल्या, काँग्रेसला ४०.८९ टक्के मतं आणि ११४ जागा. म्हणजे मतांचा अंदाज अगदी बरोबर आला असता, तरी जास्त जागा कोणाच्या हे चुकू शकलं असतं. २०२४ च्या लोकसभेला बहुतेक पोल एनडीएला ३५० च्या पुढे नेत होते, मिळाल्या २९३. शिवाय राज्यभराच्या नमुन्यात आपल्या वॉर्डातले लोक असून असून किती असणार?

फॉर्म २० म्हणजे मतमोजणीचा अंतिम तक्ता. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या वेबसाइटवर तो फुकट मिळतो. एका ओळीत एक बूथ, पुढे प्रत्येक उमेदवाराची मतं, मग ‘नोटा’ (वरीलपैकी कोणीही नाही) आणि बेरीज. इथे अंदाज नाही, मोजलेली मतं आहेत. २०२४ ला काँग्रेस उमेदवाराने अर्ज मागे घेतल्यावर इंदूरमध्ये नोटाला २,१८,६७४ मतं पडली, तर विजयी शंकर लालवानींना १२,२६,७५१. हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण नोटा नेमका कुठल्या बूथांवर दाटला, आणि २०२३ च्या विधानसभेला तिथे काँग्रेसला किती मतं होती, हे दोन तक्ते शेजारी ठेवल्यावरच दिसतं. मेहनत आहे: पीडीएफ बऱ्याचदा स्कॅन केलेली असते, आकडे हाताने टाइप करावे लागतात. बूथ क्रमांकही बदलतात, म्हणून शाळेच्या आणि खोलीच्या नावावरून जुळवा. आणि एक नक्की लक्षात ठेवा: बूथचा कल म्हणजे तिथल्या एखाद्या समाजाचा कल नव्हे. कोणी कुणाला मत दिलं, हे तक्ता सांगत नाही.

ते विचारायला सर्वेक्षणच लागतं. बायकांच्या खात्यात दरमहा पैसे देणाऱ्या लाडली बहना योजनेमुळे २०२३ च्या विधानसभेला भाजपने १६३ जागा मिळवल्या, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. फॉर्म २० मध्ये स्त्री-पुरुष असा रकानाच नसतो, मग हे तपासणार कसं? लोकनीती-सीएसडीएससारख्या संशोधन संस्थांची मतदानोत्तर सर्वेक्षणं मतदाराला घरी गाठून विचारतात, म्हणून धोरणाचा परिणाम शोधणाऱ्याने तिकडे वळावं. मात्र नीट निवडलेल्या १,००० जणांच्या नमुन्यातही साधारण ३ टक्के इकडेतिकडे होतं, आणि त्यातल्या २५० लाभार्थी बायका वेगळ्या काढल्या की ६ टक्के. दोन-चार टक्क्यांच्या फरकावर मग निष्कर्ष काढू नये.

स्वतः सर्वेक्षण करणार असाल तर संध्याकाळी राजवाड्यावर भेटतील त्यांना विचारत बसू नका. तिथली गर्दी म्हणजे शहर नव्हे. फॉर्म २० मधून नोटा सर्वाधिक असलेले पाच आणि सर्वांत कमी असलेले पाच बूथ काढा, त्यांच्या मतदार यादीतून ठरावीक अंतराने नावं घ्या, आणि उत्तरांच्या कागदावर कोणाचंही नाव लिहू नका.