टेबल सॉची फेन्स: दोन्ही टोकांना आवळावी की फक्त पुढून?

घरच्या कार्यशाळेसाठी टेबल सॉ, म्हणजे टेबलातून गोल पाते वर येणारी करवत, घेताना मोटर आणि पात्याचा विचार सगळेच करतात; फळी सरळ सरकावी म्हणून तिला टेकू देणारी पट्टी, म्हणजे फेन्स, जागच्या जागी कशी राहील, हा प्रश्न बहुधा पहिली लांब फळी कापायला घेतल्यावरच पडतो. निवड मुख्यतः दोन प्रकारांत आहे: पुढे व मागे दोन्ही रुळांना आवळली जाणारी फेन्स, आणि फक्त पुढच्या रुळावर खटक्याने बसणारी टी आकाराची फेन्स, जी अमेरिकेतील बीझमायर यांच्या नावाने ओळखली जाते. सरळ लाकडी पट्टी सी-क्लॅम्पने टेबलाला जखडण्याचा तिसरा मार्ग स्वस्त खरा. पण गोव्याच्या पावसाळ्यात ती पट्टी सरळ राहील याची खात्री देता येत नाही आणि बिडाच्या टेबलाखालच्या फासळ्यांमुळे क्लॅम्पला हवी तिथे जागाही मिळत नाही.

दोन्ही टोकांना आवळण्याचा गुण मान्य करायलाच हवा. फणसाची जाड फळी उभी धरून चिरताना आपण तिला फेन्सवर जोराने दाबतो, तेव्हा मागचे टोक तसूभरही हलत नाही आणि हाताला त्याचा विश्वास वाटतो.

माझे मत फिरले ते मागच्या रुळामुळे. आमच्याकडे जूनपासून हवा इतकी दमट असते की भुसा झटकून जात नाही. तो रुळाच्या खाचेत ओला होऊन थापला जातो आणि फेन्सचा मागचा आकडा त्या थरावर बसतो. खटका दाबला की कधी पुढचे टोक आधी पकडते, कधी मागचे, आणि मागचे आधी पकडले तर फेन्स किंचित तिरकी असतानाच घट्ट होते. मग पात्याच्या पुढच्या दातापासून अंतर मोजा, तोच दात मागे फिरवून पुन्हा मोजा, खटका सैल करा, तळहाताने हलकेच ठोका, परत आवळा. चतुर्थीच्या आधी माटोळीच्या (गणपतीच्या वर फळे-भाज्या टांगायच्या) चौकटीसाठी वेगवेगळ्या रुंदीच्या पट्ट्या काढायच्या असतात, तेव्हा दर मापाला हा सगळा खटाटोप करावा लागे. तो टाळणेही बरे नव्हे, कारण मागचे टोक पात्याकडे झुकले तर लाकूड पाते आणि फेन्स यांच्यात दाबले जाते, सागवानाच्या कडेवर काळी जळकी रेघ उमटते आणि मागून वर येणारे दात फळी आपल्या अंगावर फेकू शकतात. पात्यामागे चीर मिटू न देणारी पातळ पट्टी, म्हणजे रायव्हिंग नाइफ, असला तरी या दाबावर तो पूर्ण उपाय ठरत नाही.

टी फेन्सची समांतरता तिच्या रुंद डोक्यावर ठरते. त्यातील दोन स्क्रू फिरवून फेन्स एकदा टेबलावरच्या पात्याला समांतर असलेल्या मायटर खाचेशी समांतर केली, किंवा मागचे टोक कागदाच्या जाडीइतके पात्यापासून दूर ठेवले, की पुढे माप बदलून खटका दाबणे एवढेच काम उरते. पुढचा रूळ डोळ्यांसमोर असल्याने कापडाच्या एका फेऱ्यात साफ होतो. गंज धरू नये म्हणून त्याला मेण चोळावे, सिलिकॉनचा फवारा मात्र नको, कारण त्याचा अंश लाकडावर गेला तर पॉलिश नीट धरत नाही. बाजूने फार जोर दिल्यास मागचे टोक थोडे लवते, हा दोष खराच आहे. परंतु फेदरबोर्ड, म्हणजे फळी फेन्सला दाबून धरणारी लवचिक दात्यांची पट्टी, पात्याच्या अलीकडे लावला आणि दाब तिथेच ठेवला, तर माझ्या पट्ट्यांच्या रुंदीत हाताला जाणवेल असा फरक पडलेला नाही.

ज्यांचे बहुतेक काम उंच फळ्या उभ्या चिरण्याचे आहे, किंवा ज्यांची जागा वर्षभर कोरडी राहते, त्यांना दोन्ही टोकांची फेन्स कदाचित अधिक रुचेल. पडवीत वा उघड्या शेडमध्ये काम करणाऱ्याने मात्र आधी टी फेन्स पाहावी, असे मला वाटते. क्वचित उंच फळी चिरायची झालीच, तर पुढचा खटका आवळून माप तपासल्यावर मागच्या टोकाला एक क्लॅम्प लावता येतो. तो आवळल्यानंतर मागच्या दातापाशी पुन्हा एकदा माप घ्यावे.