सत्तरी-डिचोलीकरांनी विमान कुठून धरावं : मोपा, दाबोळी की सांबरा?

सत्तरी-डिचोली तालुक्यांतल्या वाळपई-साखळी भागातून बंगळूर किंवा हैदराबादला जायचं तर गोव्यातले मोपा आणि दाबोळी हे दोन विमानतळ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतात. चोर्ला घाट चढून बेळगावचा सांबरा विमानतळ गाठता येतो, हे मात्र तिकीट काढताना फारसं कुणाला आठवत नाही.

सांबरा ही महायुद्धातली धावपट्टी. १९४२ साली रॉयल एअर फोर्सने, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाने, ती बांधली आणि प्रशिक्षणाला वापरली. आजही तिथे हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. १९६१च्या गोवा मुक्तीच्या कारवाईत आपल्या हवाई दलाचे तळ होते पुणे आणि सांबरा. १८ डिसेंबरला कॅनबेरा विमानांनी बॉम्ब टाकले ते पोर्तुगीजांच्या दाबोळीवर. आता दोन्हीकडची तिकिटं एकाच मोबाईलवर ताडून बघता येतात!

सांबऱ्याचं २०१७चं टर्मिनल आटोपशीर आहे. लांबलचक चालणं नाही, बॅगा लवकर हातात येतात, म्हाताऱ्या माणसांना सोयीचं. पण उड्डाणं मोजकी. विमान रद्द झालं तर त्याच दिवशी दुसरं मिळेलच असं नाही. मोपाला ती शक्यता कितीतरी जास्त. शिवाय रस्ता. साखळी, केरी, चोर्ला, जांबोटी करत बेळगाव, आणि शहर ओलांडून पुढे आणखी दहाएक किलोमीटर. अडीच तास धरूनच निघावं. पावसाळ्यात घाटात धुकं आणि दरडी, तेव्हा जून ते सप्टेंबर सांबऱ्याचं नाव काढू नये असं माझं स्पष्ट मत.

जानेवारी २०२३पासून सुरू झालेलं मोपा साखळीहून तासाभरावर. टॅक्सी खिशाला चावते, पण कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी महामंडळाची बस आहे. दाबोळी मुरगाव-सासष्टीवाल्यांसाठी उत्तम. नव्या जुवारी पुलामुळे पणजीहूनही जाणं सुसह्य झालंय. मात्र धावपट्टी नौदलाची, नागरी विमानांना वेळा त्यांच्या सोयीने मिळतात. सत्तरीहून तिथे जाण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

एरवी मोपाच धरा. चौघा-पाचांच्या तिकिटांत घसघशीत फरक पडत असेल, किंवा बेळगावात दवाखाना, लग्नाची खरेदी, पाहुणे असं काही काम असेल, तरच सांबरा. परतीचं विमान संध्याकाळी उशिरा उतरणार असेल, तर बेळगावातल्या मुक्कामाचा खर्चही हिशेबात धरा; काळोखात चोर्ला उतरायला गाडीवाले सहसा नाखूश असतात.