सॅकरोमायसीस की पिकिया? अँटिबॉडीसाठी यीस्ट निवडताना

पूर्ण अँटिबॉडी हवी आहे, की एससीएफव्ही किंवा नॅनोबॉडीसारखा नुसता पकड घेणारा तुकडा? आधी हे ठरवा. सॅकरोमायसीस (पाव फुगवणारं यीस्ट) आणि पिकिया ही दोन्ही यीस्ट प्रथिनाला मॅनोज या साखरेच्या, माणसाला परक्या साखळ्या चिकटवतात, म्हणून पूर्ण अँटिबॉडीचं औषध बहुधा सस्तन पेशींतच बनतं. अपवाद आहे: मायग्रेनवरची एप्टिनेझुमॅब पिकियात बनते आणि तिला २०२० साली अमेरिकेत मान्यता मिळाली. पण तिच्यातली साखर जोडली जाण्याची जागाच काढून टाकलेली आहे.

तुकड्यापुरतं बोलायचं, तर क्लोन (नेमका कोणता तुकडा बनवायचा तो) अजून पक्का नसेल तेव्हा मी सॅकरोमायसीसच घेईन. प्लाझ्मिड (जीन वाहून नेणारं डीएनएचं कडं) घातला की आठवड्याभरात कॉलनी हातात येतात, आणि पेशीच्या पृष्ठभागावर तुकडे मांडून लाखोंतून चांगला निवडता येतो. खोट उत्पादनात आहे. साखर जास्त झाली की ऑक्सिजन असूनही हे यीस्ट दारू गाळत बसतं.

पिकिया तसं करत नाही. ती फर्मेंटरमध्ये अतिशय दाट वाढते, आणि माध्यमात स्वतःची प्रथिनं फारशी सोडत नसल्यामुळे शुद्धीकरण सोपं जातं. मात्र जीन गुणसूत्रात बसवावा लागतो, बऱ्याच कॉलनी तपासाव्या लागतात आणि एओएक्स१ प्रमोटर (जीन चालू करणारा डीएनएचा भाग; हा मिथेनॉलने चालू होतो) वापरला तर मिथेनॉल आलंच. फ्लास्कमध्ये ते रोज अर्धा ते एक टक्का घालायचं, रविवारीसुद्धा! मोठ्या टाकीत उष्णता, ऑक्सिजनची भूक आणि आगीची धास्ती सांभाळायची. हे जमणार नसेल तर ग्लुकोजवर चालणारा जीएपी प्रमोटर घ्या.

जीनच्या प्रती वाढवल्या की प्रथिन वाढेल, हा हिशेब दोन्हीकडे फसतो. डायसल्फाइड बंध (गंधकाचे जोड) असलेलं प्रथिन ईआरमध्ये, म्हणजे पेशीतल्या घडी घालण्याच्या कप्प्यात, घडी घेताना अडकतं. १९९८ मध्ये सॅकरोमायसीसमध्ये बीआयपी आणि पीडीआय हे घडीचे मदतनीस वाढवल्यावर एससीएफव्हीचा स्राव दोन ते आठ पट झाला होता. पिकियातही पीडीआय किंवा एचएसी१ (असे मदतनीस वाढवणारा जीन) घालून पाहतात. फायदा प्रत्येक तुकड्याला सारखा होत नाही.

माध्यमात काहीच दिसत नसेल तर पेशी फोडून ब्लॉट (प्रथिन आहे का ते दाखवणारी चाचणी) करा. आत प्रथिन साठलेलं असेल तर यीस्ट बदलण्याआधी इंडक्शन (जीन चालू करून प्रथिन बनवण्याचा टप्पा) ३० ऐवजी २० अंशांवर करून बघा. खर्च फक्त दोनेक दिवसांचा. आत काही नाही आणि माध्यमात तुकड्यांचे तुकडे दिसले तर प्रोटिएज (प्रथिन कापणारं एन्झाइम) आहे. मग पीएच बदला किंवा पीईपी४ (प्रोटिएज चालू करणारा जीन) काढलेली जात मागवा.