काळा मेघ की फुटलेला चंद्र?

पृथ्वीवरच्या महासंकटाची, पण विज्ञानाशी इमान राखणारी एकच कादंबरी वाचायची असेल, तर फ्रेड हॉईल यांची १९५७ सालची ‘द ब्लॅक क्लाऊड’ घ्यावी की नील स्टीफन्सन यांची २०१५ सालची ‘सेव्हनइव्ह्ज’, हा प्रश्न मलाही पडला होता. शेवटी मी दोन्ही वाचल्या.

‘सेव्हनइव्ह्ज’ची सुरुवात विलक्षण आहे. पहिल्याच वाक्यात चंद्र फुटतो, आणि लोक त्याच्या सात तुकड्यांना टोपणनावे ठेवून त्यांच्याकडे कुतूहलाने पाहू लागतात. मग टकरीत एक तुकडा दुभंगतो, सातांचे आठ होतात, आणि जितके तुकडे अधिक तितक्या टकरी अधिक, हे ओळखून एक खगोलशास्त्रज्ञ सांगतो की सुमारे दोन वर्षांत उल्कांचा असा वर्षाव सुरू होईल, जो हजारो वर्षे थांबणार नाही. ते प्रकरण मी त्याच रात्री पुन्हा वाचले.

माझी अडचण तिसऱ्या भागात झाली. तो पाच हजार वर्षांनंतरचा आहे. ज्यांच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ती माणसे इतिहासजमा झालेली असतात, आणि नव्या माणसांशी नीट ओळख होण्याआधीच पृथ्वीभोवतीच्या अंतराळ वसाहतींच्या रचनेची वर्णने पानोपानी चालू राहतात. ते विज्ञान चोख असेलही, पण ते लेखक आपल्याला समजावून सांगत असतो. कोणा पात्राला त्या क्षणी त्याची निकड नसते. तेवढ्या एका कारणाने माझे वाचन तीन आठवडे अडून राहिले. अर्थात, यंत्ररचनेची मुळातच ओढ असलेल्या वाचकाला कदाचित हाच भाग सर्वांत आवडेल.

हॉईल यांच्याकडे नेमके उलट घडते. महिन्याच्या अंतराने घेतलेली आकाशाची दोन छायाचित्रे आलटूनपालटून पाहताना एका काळ्या डागाच्या कडेचे तारे लुकलुकतात, म्हणजे एका छायाचित्रात दिसतात आणि दुसऱ्यात झाकले जातात; डाग मोठा झाला आहे. तो डाग म्हणजे आपल्याकडे येणारा काळा मेघ. त्याचे अंतर ठाऊक नाही, वेगही ठाऊक नाही, तरी तो कधी पोहोचेल हे शास्त्रज्ञ फळ्यावर काढून दाखवतात: डागाची रुंदी महिन्याला पाच टक्क्यांनी वाढत असेल, तर साधारण वीस महिने. मी वहीच्या मागच्या पानावर हे गणित करून पाहिले. बारावीच्या कलनापलीकडे काही लागले नाही, आणि स्वतः काढलेले उत्तर समोर आल्यावर खरोखर भीती वाटली.

या कादंबरीतही उणिवा आहेत. स्त्री पात्रे नाममात्र आहेत, राजकारण्यांविषयीचा तिटकारा एकसुरी आहे, आणि जगभरचा संहार फार थोडक्यात उरकला आहे. मात्र हॉईल हे जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू, आणि नारळीकरांच्या विज्ञानकथांवर वाढलेल्या वाचकाला इथला वाद घालत विचार करण्याचा सूर घरचा वाटावा.

भरपूर सवड असेल तर ‘सेव्हनइव्ह्ज’च्या पहिल्या दोन भागांना मुकू नये. परंतु बारावीतल्या माझ्या भाचीने सुट्टीत वाचायला पुस्तक मागितले, तेव्हा मी ‘द ब्लॅक क्लाऊड’ काढून दिले आणि त्या फळ्याच्या पानात खूण म्हणून एक कोरा कागद घालून ठेवला.